आशीर्वाद मिळाला, तो पुढं कुणाच्या दारात गेला?

मलप्रभाकाठ

सर्वांना जय ख्रिस्त.

बेळगावातल्या आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासना संपली की साक्षी होतात. कुणाचा आजार बरा झालेला असतो, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलेलं असतं, कुणाचा रखडलेला उतारा एकदाचा नावावर झालेला असतो. लोक उभे राहतात, देवाचे आभार मानतात, मंडळी आमेन म्हणते. मला हा भाग फार प्रिय आहे. आपल्यावर झालेले उपकार चारचौघांत बोलून दाखवणं ही लहान गोष्ट नाही.

पण अलीकडे बऱ्याच साक्षी एकाच वळणाच्या होऊ लागल्यात. दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, कधी चुकवला नाही, देवानं हिंडलग्याला प्लॉट दिला. मोठं दान दिलं, गाडीचं कर्ज फिटलं. ऐकणारा घरी जाताना एकच हिशेब घेऊन जातो, की इतकं टाकलं तर इतकं येतं.

माझ्या बाकावर एक विधवा मावशी बसतात. चार घरची धुणीभांडी करतात. अर्पणाची पिशवी त्यांच्यापुढून रिकाम्या हातानं गेलेली मी पाहिलेली नाही. त्यांना प्लॉट मिळालेला नाही. पावसाळ्यात घराची मागची भिंत मात्र खचली. तशी साक्ष सुरू झाली की त्या मांडीवरच्या शास्त्राची, म्हणजे बायबलची, पानं उगाच चाळत बसतात. आपल्याच विश्वासात काही कमी आहे, असं त्यांना वाटत असेल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

बायबलात मार्क १२ मध्ये येशू मंदिराच्या भांडारासमोर बसून कोण काय टाकतो ते पाहतो. एक विधवा दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकते. तो शिष्यांना बोलावून सांगतो की हिनं सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं, कारण हिनं आपली सगळी उपजीविकाच टाकली. आणि गोष्ट तिथंच थांबते. तिला पुढं काय मिळालं, याबद्दल एक अक्षर नाही. त्याच्या अगदी आधीची वचनं वाचा. तिथं तो विधवांची घरं गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांवर कडाडलेला आहे. म्हणजे तो तिच्या दानाचं कौतुक करतोय, आणि तिला कंगाल करणाऱ्यांना त्याच बैठकीत दोषही देतोय.

मला वाटतं, आशीर्वादाची ओळख तो किती आला यावरून होत नाही, तो आपल्याकडून पुढं कुठं गेला यावरून होते. तुम्हाला काय वाटतं? आपल्या सीमाभागात, आपापल्या गावात, देणं प्रत्यक्षात कसं चालतं तेही लिहा. नुसती वचनं नकोत.

टिळकवाडी_दुकानदार

ताई, तुमचा मुद्दा पोचला, पण मी दुसऱ्या बाजूनं बोलणार आहे.

मलाखी ३:१० मध्ये परमेश्वर स्वतः म्हणतो की सगळा दशमांश भांडारात आणा आणि माझी प्रतीती पाहा, मी आकाशकपाटं उघडून आशीर्वादाचा वर्षाव करतो की नाही. हे कुणा प्रचारकानं बनवलेलं नाही. माझे वडील किराणा दुकान चालवायचे. रोज रात्री गल्ला मोजताना ते दहावा भाग आधी वेगळ्या डब्यात काढायचे, मग उधारीची वही उघडायचे. मंदीतही त्यांनी तो डबा बंद केला नाही, आणि आमचं घर कधी उपाशी झोपलं नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या मुलांना मी हे सांगू नको का? साक्ष दिली की अहंकार आणि गप्प बसलं की कृतघ्नपणा, मग माणसानं करावं काय?

कॅम्प_गुरुजी

दुकानदार, तुमच्या वडिलांचा डबा मला फार आवडला. तो आधी निघायचा, उधारीच्या वहीच्याही आधी, हीच तर खरी साक्ष. ती मुलांना जरूर सांगा.

फक्त मलाखीबरोबर अनुवाद १४:२८-२९ वाचा. दर तिसऱ्या वर्षी उत्पन्नाचा दशमांश वेशीच्या आत साठवायचा, आणि तो लेव्यानं (देवाच्या सेवेला वाहिलेल्या वंशातल्या माणसानं), परक्यानं, अनाथानं आणि विधवेनं येऊन पोटभर खायचा. पुढं लिहिलंय, म्हणजे परमेश्वर तुझ्या हातच्या कामाला बरकत देईल. बरकत आहे, पण तिची वाट विधवेच्या ताटातून जाते. दशमांश नेमका जिच्यासाठी सांगितला तीच बाई आपल्या बाकावर मान खाली घालून बसत असेल, तर मंडळीनं आपलं भांडार उघडून पाहायला हवं. मत्तय २३:२३ मध्ये प्रभू हेच म्हणतो: पुदिना, शेप आणि जिरं यांचा दशमांश देता, पण न्याय, दया आणि विश्वास या नियमशास्त्रातल्या मोठ्या गोष्टी सोडून देता. या केल्या पाहिजेत आणि त्याही सोडू नयेत, असं तो सांगतो. दशमांश बंद करा असं तो म्हणत नाही, हे दुकानदारांच्या बाजूनं नोंदवून ठेवतो.

अब्राहामाचं पाचारण घ्या, उत्पत्ती १२. मी तुला आशीर्वाद देईन, आणि तू इतरांसाठी आशीर्वाद हो. दोन्ही एका दमात सांगितलेलं आहे.

आता आपल्या मातीतलं. लंडन मिशननं बेळगावात १८२० साली काम सुरू केलं. बाबा पदमनजींचा जन्म इथला, १८३१ चा. शिक्षण इथल्या मिशन शाळेतही झालं, आणि बाप्तिस्माही १८५४ साली इथंच. आपले लोक ही माहिती अभिमानानं सांगतात, सांगावीच. पण मी वर्गात मुलांना नेहमी पुढचा प्रश्न विचारत आलो: त्या माणसानं मिळालेल्या विद्येचं काय केलं? तीनच वर्षांनी, १८५७ मध्ये, त्यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहिलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ती ओळखली जाते, आणि तिचा विषय काय, तर हिंदू विधवांचे हाल. स्वतःच्या पाचारणाची गोष्टही त्यांनी लिहिली, पण ती फार नंतर. आधी लेखणी वळली ती जिचं कुणी ऐकत नव्हतं तिच्याकडं.

पंडिता रमाबाईंचं आणखी जवळून पाहण्यासारखं आहे. जन्म १८५८ चा, आपल्याच कर्नाटकातल्या घाटातल्या रानात. तरुणपणीच दुष्काळात आईवडील अन्नावाचून गेले. पुढं १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा ही बाई मध्य प्रांतात गेली आणि भुकेनं मरायला टेकलेल्या शेकडो मुली-बायकांना घेऊन आली. केडगावचं मुक्ती सदन त्यातूनच उभं राहिलं. भूक म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. रमाबाईंनी आयुष्यात दुःखच जास्त पाहिलं, नवरा गेला, भाऊ गेला, पुढं एकुलती एक मुलगीही आपल्या आधी गेली. हिशेब मांडणाऱ्यानं तिला आशीर्वादित म्हटलं नसतं. मी म्हणतो.

खानापूर_रान

गुरुजींएवढं वाचलेलं नाही ओ मी. शेतावरचं सांगतो.

आमच्याकडं भाताची कापणी झाली की शेतात लोंब्या पडलेल्या राहतात. भुईमूग काढला की मातीत शेंगा राहतात. रताळ्याचंही तसंच. मग ज्यांना शेत नाही ती माणसं येतात, बायका, पोरं, म्हाताऱ्या, आणि सरवा वेचतात. आमच्या आजोबांच्या वेळेपासून शेतमालकानं सरव्याला कुणाला हाकलायचं नाही असा रिवाज. आजोबा ख्रिस्ती, बांधाशेजारचे पाटील हिंदू, रिवाज दोघांचा एकच.

लेवीय १९ वाचलं तेव्हा मी चाटच पडलो. शेताच्या कोनाकोपऱ्यापर्यंत कापू नकोस, सरवा वेचू नकोस, द्राक्षमळ्यात गळालेली फळं गोळा करू नकोस, ती गरीब आणि परका यांच्यासाठी सोड. अहो हे तर आमचंच चाललंय वट्ट!

खरं आता काय झालंय सांगू? कापणीचं मशीन येतंय. कडेपासून कडेपर्यंत घास घेतल्यासारखं कापून जातंय. मजूर मिळत नाहीत, त्यामुळं मशीन लागतंच, मी कुणाला नावं ठेवत नाही. खरं त्यात सरवा उरत नाही आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही, कारण कुणी ठरवून बंद केलेलं नाही. म्हणून आम्ही भावांनी ठरवलं, वरच्या बांधाचा कोपरा मशीनला द्यायचा नाही. तो उभा ठेवायचा. ज्याला पाहिजे त्यानं विळा घेऊन यावं आणि कापून न्यावं. विचारायचं नाही, मोजायचं नाही.

पोतं भरून घरी पोचवलं असतं तर सोपं गेलं असतं, असं धाकटा म्हणाला. बायकोनं त्याला सांगितलं, पोतं घेताना माणसाची नजर खाली जाते, कोपरा कापून नेताना जात नाही, तो त्याच्या घामाचा असतो. रूथचा दुसरा अध्याय बघा की. रूथ ही परकी विधवा बवाजाच्या शेतात सरवा वेचायला येते. बवाज गड्यांना सांगतोय, पेंढ्यातल्या थोड्या लोंब्या मुद्दाम काढून टाका, तिला वेचू द्या, तिला धमकावू नका. मुद्दाम टाका म्हणतोय, खरं तिच्या हातात द्या म्हणत नाही! मोठ्या मनाचा माणूस.

ताईंच्या त्या मावशींना भिंत बांधून द्यायची असेल तर याचा विचार करा, एवढंच.

वेदगंगा_निपाणी

सरवा वाचून डोळ्यांत पाणी आलं भाऊ. माझी आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती, आणि सुट्टीच्या दिवशी शेंगांच्या सरव्याला जायची. मीही तिच्याबरोबर गेलेय.

मला २०१९ च्या ऑगस्टबद्दल लिहायचंय. पूर कुणी विसरलेलं नाही. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय, सगळ्याच नद्या एकदम चढल्या. चिकोडी, निपाणी, अथणी, रायबाग, गोकाक, सगळीकडं पाणी. आमच्या मंडळीत तांदूळ, डाळ, तेल, चादरी गोळा झाल्या. पुरात घर गेलेल्यांची यादी मंडळीच्या ग्रुपवर तयार होऊ लागली. ग्रुप मराठी, निरोप मराठी, ओळखीपाळखी मराठी. वाटपाच्या आदल्या संध्याकाळी एका आजींनी यादी वाचून घेतली आणि विचारलं, नदीच्या वरच्या अंगाला रोजगारी करणारी कन्नड कुटुंबं आहेत, त्यांचं एकही नाव यात कसं नाही? कुणी मुद्दाम वगळलं नव्हतं. त्यांच्यापर्यंत निरोपच गेला नव्हता.

मग आजींनी प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय उघडायला लावला. यरुशलेमेतली पहिली मंडळी. ग्रीक बोलणारे यहूदी कुरकुर करताहेत की रोजच्या वाटणीत आमच्या विधवांची उपेक्षा होते आणि इब्री बोलणाऱ्यांच्या विधवांना मिळतं. ख्रिस्ती मंडळीतलं हे पहिलंच मोठं भांडण, आणि ते भाषेवरून आणि भाकरीवरून! प्रेषितांनी काय केलं? कुरकुर करू नका असं सांगितलं नाही. सात जण निवडले. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा नीकलाव. सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची उपेक्षा झाली त्यांच्याच माणसांच्या हाती वाटणी सोपवली.

त्या रात्री आम्ही वाटपाचं काम कन्नड बोलणाऱ्या तिघांकडं दिलं. त्यांतला एक तर आमच्या मंडळीचाही नव्हता, गावच्या दूध डेअरीत काम करणारा लिंगायत मुलगा होता. त्याला कुठलं घर कुठं आहे ते ठाऊक होतं. त्यानं यादी दुप्पट केली आणि एकेका घराच्या वाट्याचं सामान अर्ध्यावर आलं. मंडळीतल्या काही घरांना त्या दिवशी कमी मिळालं. कुणी तक्रार केली नाही असं मी म्हणणार नाही. पण आजींनी वाचलेला अध्याय सगळ्यांनी ऐकलेला होता.

आपल्या भागात १९५६ च्या भाषावार राज्यरचनेपासून काय काय झालं ते इथं उगाळत नाही. माझी मातृभाषा मराठी आहे, ती माझ्या प्रार्थनेची भाषा आहे, आणि तिच्यासाठी मी उभी राहते. पण चादरीला भाषा नसते. आजही मदतीची यादी हातात आली की आधी बघते, यात कुणाची नावं नाहीत.

शहापूर_हातमाग

मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरात माळ आहे, आषाढी-कार्तिकी आहे. इथल्या काही जणांशी जुनी ओळख म्हणून वाचतो.

एक प्रश्न मनापासून विचारतो, राग मानू नका. तुमच्याकडून मदत घेतली की पुढं चर्चला या म्हणतील, अशी धास्ती आमच्या गल्लीत काही लोकांना असते. खरं काय? देणाऱ्याच्या मनात तसं असतं का?

मलप्रभाकाठ

राग कसला? हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारत राहिलो पाहिजे.

माझं उत्तर लूक १७ मधून देते. दहा कुष्ठरोगी दूर उभे राहून येशूला हाक मारतात. दहाही बरे होतात. आभार मानायला एकटाच परत येतो, आणि तो शोमरोनी, म्हणजे यहूद्यांच्या लेखी परका. येशू विचारतो, बाकीचे नऊ कुठे आहेत? त्याला वाईट वाटलं. पण त्या नऊ जणांचं शुद्ध झालेलं अंग त्यानं परत घेतलं नाही. ते आपापल्या घरी बरे होऊनच गेले. देवाची देणगी अशी असते. मत्तय ५:४५ मध्ये तर सरळ लिहिलंय की तो वाईटांवर आणि चांगल्यांवर सूर्य उगवतो, नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर पाऊस पाडतो.

माझ्या श्रद्धेबद्दल कुणी विचारलं तर मी आनंदानं सांगते, लपवत नाही. पण तांदळाच्या पिशवीत अट बांधून दिली तर ते दान राहत नाही, ती खरेदी होते. तुमच्या गल्लीत कुणी तसं वागलं असेल तर त्यांना हे वचन दाखवा.

फातिमा_कॅम्प

मी नर्स आहे, कॅथलिक. एक बाजू राहून गेली असं वाटतं, म्हणून लिहिते.

बेळगावच्या दवाखान्यांत चंदगड, सावंतवाडी, दांडेली, कुठून कुठून पेशंट येतात. पेशंटला जेवण मिळतं, सोबत आलेल्या माणसाला नाही. तो बाहेर पायरीवर बसून बिस्किट खातो. आमच्या पॅरिशमधल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, काही बायका उपवासकाळात, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, आपल्या घरचं शुक्रवारचं एक जेवण वाचवतात आणि त्या सोबतच्या माणसांना भाकरी-भाजी नेऊन देतात. उपवासाचा अर्थ मला तिथं कळला. पोट रिकामं ठेवायचं ते कुणाच्या तरी पानात वाढण्यासाठी.

आम्ही फोटो काढू देत नाही. मत्तय ६ मध्ये उजव्या हाताचं डाव्याला कळू नये असं म्हटलंय, आणि मोबाइल तर हजार हातांना कळवतो. वर्गणी मिळवायची असेल तर फोटो लागतो, असं आम्हाला सांगण्यात आलं. मग आम्ही वर्गणीच सोडली. जेवढ्या भाकऱ्या होतात तेवढ्या.

पण मुख्य सांगायचं ते हे. एकदा रात्रपाळीच्या शेवटी मला चक्कर आली. पायरीवरच्या एका धनगर आजोबांनी आपल्या पिशवीतला गूळ आणि पाणी दिलं. तो गूळ ते आपल्या मुलासाठी घेऊन आले होते. मी नको नको म्हणत होते, आणि ते रागावले: तुमचं आम्ही रोज खातो, आमचं एक दिवस खाल्लं तर काय बिघडतं? तेव्हापासून मी घ्यायलाही तयार असते. देणारे आपण आणि घेणारे ते, अशी कायमची विभागणी प्रभूनं केलेली नाही. तो स्वतः विहिरीवर शोमरोनी बाईकडं पाणी मागतो.

माझ्याबरोबर शिकलेली एक मिझो मैत्रीण होती. त्यांच्याकडं प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी घरातली बाई एक मूठ तांदूळ बाजूला काढून ठेवते, तो जमा होऊन चर्चला जातो. शंभर वर्षांहून जुना रिवाज आहे आणि त्यावर त्यांची मोठमोठी कामं चालतात. गरीब घरही त्यात मागं नसतं, कारण मूठ सगळ्यांची सारखीच. आपल्याकडं भात काही कमी खाल्ला जात नाही.

टिळकवाडी_दुकानदार

सगळं वाचलं. मी अजूनही मानतो की देव देणाऱ्याला कमी पडू देत नाही. हे माझ्या वडिलांच्या डब्यातून शिकलेलं आहे आणि मी ते सोडणार नाही. पण २ करिंथ ९ काल रात्री पुन्हा काढून वाचलं. “संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो” हे पाठ होतं. अकरावं वचन नीट वाचलेलं नव्हतं. तिथं प्रेषित पौल सांगतो की तुम्ही सगळ्या प्रकारे संपन्न होता ते सगळ्या प्रकारे उदार व्हावं म्हणून. ज्यांचं उदाहरण तो आठव्या अध्यायात देतो त्या मासेदोनियाच्या मंडळ्या तर कमालीच्या दारिद्र्यात होत्या, आणि तरी त्यांनी यरुशलेमेच्या गरिबांसाठी देण्याची परवानगी आग्रहानं मागितली. त्यांना बदल्यात काय मिळालं ते पौल लिहीत नाही.

साक्ष मी देणार. प्लॉटबद्दलही बोलणार, कारण तो मला देवानंच दिला असं मी मानतो. त्या प्लॉटवर घर बांधताना एक खोली दवाखान्यात सोबतीला येणाऱ्या माणसांसाठी ठेवायची, असं घरी बोलणं झालंय. फातिमाताई, रात्री झोपायला किती जणांना जागा लागते, बायका जास्त असतात की पुरुष, हे कळवा, म्हणजे बाथरूम तसं काढता येईल.

फातिमा_कॅम्प

बायका जास्त. बाळंतिणीबरोबर आई किंवा सासू असते. दाराला आतून कडी, बाहेर दिवा आणि गरम पाण्याची सोय, या तीन गोष्टी आधी बघा. बाकी फोनवर बोलू.

कॅम्प_गुरुजी

मुठीच्या तांदळाबद्दल आमच्या पाळकसाहेबांशी बोललो. कापणीच्या सणापासून सुरू करू म्हणाले. त्या दिवशी लोक भोपळे, अंडी, कोंबड्या, भाताचं पोतं घेऊन येतातच. लिलावात एकच भोपळा चार वेळा विकला जातो आणि घेणारा पुन्हा अर्पण करतो, तो आनंद तसाच राहू दे. त्याच दिवशी प्रत्येक घराला एक रिकामा डबा द्यायचा. वाटणीसाठी चार जण, दोन मराठी बोलणारे, दोन कन्नड. निपाणीच्या ताईंनी यादी कशी करायची ते येऊन सांगावं अशी विनंती आहे.

वेदगंगा_निपाणी

येते. आजींनाही आणते, चालवत नाही त्यांना, गाडी लागेल.

मलप्रभाकाठ

गाडी मी पाठवते.

भिंतीचं सांगायचं राहिलं. मावशींना पैसे नको होते. खानापूरच्या भावांनी लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, विटा आणा, माती मी कालवते. त्यांचा भाचा गवंडी आहे. शनिवारी तरुण संघाची मुलं जाणार आहेत, मावशी सगळ्यांना जेवू घालणार आहेत, आणि त्यात कुणी नको म्हणायचं नाही असं बजावून ठेवलंय.

खानापूर_रान

शनिवारी मीपण येतो. येताना रताळी आणतो पोतंभर, जेवणात होतील. विटा कुठनं घेणार आहात? आमच्याकडच्या भट्टीतनं घेतल्या तर भाडं माझ्या ट्रॅक्टरवर.